वाट्याची लोटी

एकदा एका नदीकाठच्या गावात एकाच दवंडीवाल्याने एकाच दमात दोन बातम्या दिल्या. "ऐका हो ऐका! शेठजींच्या घाण्यांचा यंदाचा वाटा गेल्या सालाइतकाच, भांडं ओसंडेपर्यंत! आणि एकवीसपैकी नऊ घाणे बंद, त्यांवरची माणसं वाटपाच्या दिवसापासून मोकळी हो!" पहिली बातमी ऐकून लोकांनी एवढा गलका केला की दुसरी पुष्कळांच्या कानांपर्यंत पोचलीच नाही. ज्यांच्या कानांवर पडली त्यांनीही ती ऐकून घेतली आणि ते घरी भांडी शोधायला गेले.

गाव तेलाचे होते. तिळाचे तेल गाळणारे लाकडी घाणे एका व्यापाऱ्याच्या मालकीचे असले, तरी ते उभारताना गावातल्या चाळीस घरांनी आपापली पुंजी घातली होती. म्हणून दरवर्षी वाटपाच्या दिवशी त्या चाळीस घरांना तेलाचा वाटा मिळे. त्याची रीत अशी की भागीदाराने आपले भांडे आणायचे आणि शेठजीने ते काठोकाठ भरून, वर धार सांडेपर्यंत ओतायचे. सांडलेल्या तेलाने भिजलेली माती बायका कपाळाला लावीत. भांडे ओसंडले की घाणे बरकतीत आहेत, असे सगळे समजत. भांडे केवढे असावे हे मात्र कोणी ठरवून दिलेले नव्हते, आणि न ठरवलेल्या गोष्टीचे माणसे जे करतात तेच इथे झाले. दरवर्षी भांडी थोडी थोडी वाढत गेली. या वर्षी तर एकाने तांबटाकडून मुद्दाम नवा रांजण घडवून घेतला होता, आणि तो घरापासून घाण्यापर्यंत न्यायचा कसा याची त्याला मोठी काळजी लागली होती.

आणि हे सारे तेलाचा भाव पडलेल्या वर्षी! खालच्या बंदरात परमुलखातून गलबते भरभरून तेल उतरू लागले होते. पूर्वी एक घागर तेल दिले की तिळाचे एक पोते येई. आता तेवढ्याच पोत्याला दोन घागरी मोजाव्या लागत. गाळलेल्या तेलातले बरेचसे पुढच्या तिळांपायीच जाई. जे उरे त्यातून एकतर माणसांची पोटे भरायची, नाहीतर भागीदारांची भांडी. शेठजींनी भांडी निवडली.

त्या गावाच्या टेकडीवर एक मठ होता. तिथे एक वृद्ध आचार्य राहत. घाण्यांखालची जमीन मठाची होती, म्हणून वाट्याचा पहिला मान आचार्यांचा. त्यांचा वाटा सगळ्यांत जुन्या घाण्याच्या तेलातून दिला जाई. त्या घाण्याची तीळ चिरडायची उखळी चिंचेच्या लाकडाची होती, बाकी सगळ्यांच्या बाभळीच्या. चिंचेचा घाणा सावकाश चाले, म्हणून बंद करायच्या नऊ घाण्यांत त्याचे नाव पहिले लागले होते. त्या घाण्यावर केरोबा नावाचा माणूस वीस वर्षे काम करीत होता. आणि केरोबाचा धाकटा भाऊ मठात आचार्यांजवळ शिकत होता. वय पंचवीसच्या पुढे, वाचन दांडगे, स्वभाव सरळ. पण मन फार लवकर धास्तावणारे.

दवंडी ऐकताच शिष्य धावत टेकडी चढला. आचार्य अंगणात तुळशीची वाळकी पाने खुडत होते.

"आचार्य, शेठजींनी दादाला काढलं! तिळावर कोमट पाण्याचा शिपका केव्हा मारायचा हे साऱ्या गावाला ज्यानं शिकवलं, त्यालाच! आणि वाटा मात्र पूर्ण. आपण एक शब्द टाकलात तर..."

आचार्य "हं" म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आपला वाट्याचा हंडा कुठं आहे?"

"कोठीत आहे."

"बाहेर काढ. चिंच लावून लख्ख घास. आत-बाहेर."

शिष्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. मठाचा हंडा कमरेइतका उंच होता. तो घासताना त्याचे हात दुखले आणि त्याहून जास्त मन दुखले. भावाची भाकरी जाते आहे आणि गुरूंना आपल्या हंड्याची लकाकी सुचते! त्याने हंडा घासला खरा, पण रागाने इतका रगडला की तळाशी त्याला आपलाच वेडावाकडा चेहरा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी शेठजींना बोलावणे धाडले. शेठजी आले ते घाम पुसतच. आत गेले, आणि दार लोटून घेतले गेले. शिष्य ओसरीवर ग्रंथ उघडून बसला होता. ग्रंथाचे पान त्याने तासभर उलटले नाही. आतून शब्द तुटक तुटक येत होते. "महाराज, जमिनीचं तेवढं कुणापाशी बोलू नका," हे शेठजींचे. मग आचार्य हसल्यासारखे काहीतरी बोलले. थोड्या वेळाने शेठजींचा गडी घाईघाईने एक तांबड्या फडक्यात बांधलेली वस्तू घेऊन आला. दार किलकिले झाले आणि वस्तू आत गेली. शेठजी बाहेर पडले तेव्हा त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. शिष्याने तो साळसूद म्हणून वाचला.

संध्याकाळी तो पाणी द्यायला आत गेला. तांबडे गाठोडे आचार्यांच्या आसनामागे होते. मूठभर आकाराचे, जड.

"हे काय आहे?" त्याने न राहवून विचारले.

"शेठजींच्या देव्हाऱ्यातलं आहे," आचार्य म्हणाले. "परवा लागेल."

देव्हाऱ्यात व्यापारी काय ठेवतात हे कोणाला सांगायला हवे? शिष्याच्या डोळ्यांपुढे सोनेच उभे राहिले. संशयाची मोठी गंमत असते. त्याला एक धागा मिळाला की पुढचे सगळे वस्त्र तो स्वतःच विणतो, आणि ते अंगाला असे बेतून बसते की खरे वस्त्रही तसे बसत नाही. हंडा का घासायचा, दार का लोटले, जमिनीचे कोणापाशी बोलायचे का नाही, सगळे जुळले. शिष्याला रात्रीचे जेवण गेले नाही.

सकाळी उठून तो भावाच्या घरी गेला. केरोबा दारात बसून बैलाच्या डोळ्यांवरची झापड शिवत होता. घाणा सुटणार हे ठाऊक असूनही शिवत होता, कारण ती फाटली होती.

"दादा, उगीच वाट बघू नकोस," शिष्य म्हणाला. "आचार्य शेठजींना मिळालेत. माझ्या डोळ्यांदेखत गाठोडं आत गेलं."

केरोबाची सुई थांबली. "बुवा? आरं, त्यांच्या भरवशावर तर मी बसलोय. मुकादम म्हणतोय, वाटपाच्या आधी जो आपणहून जाईल त्याला ज्वारीचं पोतं. नंतर गेलास तर हात हलवीत जा. मी म्हनलं, थांबतो. बुवा काय तरी बोलतील."

"बोलणार नाहीत. हंडा घासून घेतलाय त्यांनी माझ्याकडून."

आतून वहिनी बाहेर आली. तिच्या कडेवर पोर होते. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. केरोबाने झापडीचा शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, "मग वाटपाच्या दिशी दुपारच्या नावेनं जातो. खालच्या बंदरात हमाली तरी भेटंल. तू शिकलास, तू खोटं कशाला सांगशील?"

हे वाक्य शिष्याला तेव्हा बोचले नाही. ते पुढे बोचायचे होते.

वाटपाचा दिवस उजाडला. आचार्य स्नान करून निघाले. शिष्य हंडा उचलायला वाकला तेव्हा ते म्हणाले, "तो पालथा घाल. कोठीत ठेवून दे."

"मग घासायला कशाला सांगितलात?"

"जे भांडं बराच काळ वापरायचं नसतं ते घासूनच ठेवतात," असे म्हणून आचार्यांनी तांबडे गाठोडे काखेत मारले आणि ते टेकडी उतरू लागले. शिष्य मागून चालला. याच्यातही काहीतरी पाणी मुरते आहे, असेच त्याला वाटत होते. हंडा नको, म्हणजे त्याहून मोठे काही ठरले असणार.

घाण्यांच्या आवारात रांग लागली होती. हंडे, घंगाळी, रांजण, आणि तो तांबटाचा नवा रांजण एका बैलगाडीवर, दोरखंडांनी बांधलेला. शेठजी तेलाच्या कोठाराशी हात जोडून उभे होते. तोंडावर हसू होते, पण नजर येणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या तोंडावर फिरत होती, आणि भांडे जितके मोठे तितके ते हसू आवळत होते. मागे चिंचेचा घाणा उभा होता. त्याचे बैल सोडलेले होते.

आचार्य पुढे झाले. त्यांनी तांबडे फडके सोडले. आतून निघाली एक लहानशी तांब्याची लोटी. पोचे पडलेली, काठ झिजलेला, जेमतेम ओंजळभर तेल मावेल एवढी. त्यांनी ती शेठजींसमोर जमिनीवर ठेवली.

"भर," ते म्हणाले.

शेठजींचे हसू पार मावळले. "महाराज, चार लोकांत माझी थट्टा करताय? हंडा कुठं आहे मठाचा?"

"ही तुझ्या आज्याच्या देव्हाऱ्यातली लोटी. पहिल्या वर्षी एकच घाणा होता, हाच चिंचेचा. तेव्हा माझ्या गुरूंना वाटा मिळाला तो हिच्यात. रीत ओसंडण्याची आहे. ओत."

शेठजींनी पळीने चिंचेच्या घाण्याचे तेल ओतले. दोन पळ्यांत लोटी भरली, तिसरीला काठावरून धार सुटली आणि माती भिजली. एका म्हातारीने सवयीने पुढे होऊन बोट बुडवले आणि कपाळाला लावले.

तेवढ्यात रांगेतून कोणीतरी ओरडले, "शेठ बुडाला! म्हणून बुवांना शिकवून आणलंय!" आणि कुजबुज आवारभर पसरली. शेठजी पांढरे पडले. हेच ते भय होते. वाटा घटला की लोक बुडाला म्हणतील, बुडाला म्हटले की चाळीस दारांतून चाळीस माणसे आपली पुंजी परत मागायला येतील, आणि मग खरोखरच बुडावे लागेल. या एका भयापायी त्यांनी नऊ माणसांच्या चुली विझवायचे ठरवले होते.

आचार्य मागे वळले. "शेठ बुडाला असं ज्याला वाटतं त्यानं माझ्याकडं बघावं. या घाण्यांखालची जमीन मठाची आहे. बुडायचंच असेल तर आधी मी बुडेन. मी जमीन परत मागत नाही. उद्याही मागणार नाही. माझा वाटा ओसंडला. माझ्या हंड्यात जे तेल गेलं असतं त्यावर शेठजींनी चिंचेचा घाणा चालू ठेवावा. बाकीच्यांनी आपापलं भांडं आपापल्या घरच्या मापानं आणावं."

रांगेत दुसरा नंबर सुंदराक्का नावाच्या म्हाताऱ्या भागीदारणीचा होता. तिने एक प्रचंड पातेले दोन पुतण्यांकडून उचलून आणवले होते. ती थोडा वेळ पातेल्याकडे, थोडा वेळ लोटीकडे बघत राहिली. मग तिने पातेल्यावरची झाकणी काढली आणि ती शेठजींपुढे धरली. "हिच्यात घाल बाबा. हिच्यात वतलं तर चटदिशी वाहून जाईल. आणि मेल्यांनो, ते पातेलं आता तसंच माघारी न्या." पुतण्यांच्या चेहऱ्याकडे पाहून लोक हसले, आणि त्या हसण्यात आवारातला ताण बराचसा निवळला.

आता पुढे सगळे साधुपुरुष झाले असे कोणी समजू नये. तिसऱ्याने खाली मान घालून हंडा भरून घेतला. गाडीवरच्या नव्या रांजणाचा मालक तर भरून घेईपर्यंत कोणाकडेही बघायला तयार नव्हता. पण कोणी घरी जाऊन तांब्या घेऊन आला, कोणी गडू. चाळीसपैकी पंचविसांनी भांडे लहान केले. उन्हे डोक्यावर यायच्या आत शेठजींनी कोठारात डोकावून पाहिले, बोटांवर हिशेब केला आणि घसा खाकरून म्हणाले, "नऊपैकी सहा घाणे फिरू शकतील. तिघांचं मला अजून सुचत नाही. पण चिंचेचा आधी. केरोबाला बोलवा."

केरोबा आवारात नव्हता. "तो गेला की घाटावर," मुकादम म्हणाला. "काल सांजेलाच पोतं घेतलं त्यानं. दुपारची नाव आहे."

शिष्य आचार्यांपुढे गेला आणि भरल्या आवारात म्हणाला, "मी पाठवलं त्याला. मला वाटलं, त्या गाठोड्यात सोनं आहे. मला वाटलं, आपण विकले गेलात. आपण मला आधी का नाही सांगितलंत?"

आचार्यांच्या कपाळावर क्षणभर आठी पडली आणि गेली. ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस, दादानं शेजाऱ्याला, आणि आज सगळे शपथेवर म्हणाले असते की हा शेठजीचा डाव आहे. शेठजीला सांगितलं असतं तर भीतीनं त्यानं लोटी दिलीच नसती. मी जमीन मागतोय असंच त्याला वाटत होतं. तरी तुझ्या कानावर थोडं घालायला हवं होतं, ती चूक माझी. पण एक बघ. शेठजी भांड्यांकडं बघत होता, भागीदार एकमेकांच्या भांड्यांकडं, आणि तूही माझ्या हंड्याकडं आणि गाठोड्याकडंच बघत राहिलास. घाण्यावरच्या माणसाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण या रांगेत तो भांडं घेऊन उभा राहत नाही. ज्याच्या हातानं सगळी भांडी भरतात त्याच्याकडं आधी बघावं, एवढंच मला कळतं. आता नाव सुटेल. ही लोटी घे आणि पळ."

शिष्य पळाला. हातात काठोकाठ भरलेली लोटी आणि वाट दगडधोंड्यांची. तेल बोटांवरून, मनगटावरून, धोतरावर सांडत होते. घाट दिसला तेव्हा नाव सोडायला नावाड्याने दोर हातात घेतला होता. केरोबा नावेच्या काठाशी बसला होता, शेजारी ज्वारीचे पोते आणि पलीकडे वहिनी, पदराआड पोर.

"दादा, उतर! चिंचेचा घाणा चालू राहतोय. शेठजींनी बोलावलंय तुला."

केरोबा हलला नाही. "काल तू सांगितलंस, बुवा इकले गेले. आज सांगतोस, घाणा चालू हाय. यातलं खरं कंचं म्हनू मी?"

आपल्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही हे शिष्याला कळले, आणि ती कोणी घालवली हेही कळले. त्याने लोटी पुढे केली. तिच्यात तळाशी दोन घोट तेल उरले होते.

केरोबाने दोन बोटे बुडवली. अंगठ्याशी चोळली, नाकाशी नेली. "चिंचेच्या उखळीचं हाय," तो हळूच म्हणाला. "आणि घाई लागलेली न्हाई याला. माझं हाय हे. कुणाच्या वाट्याला गेलं?"

"पहिल्या वाट्याला. आचार्यांनी एवढंच घेतलं. बाकीचं तुझ्यासाठी ठेवलं."

नावाड्याने हाक दिली. केरोबाने लोटीत पुन्हा एकदा डोकावून पाहिले, मग उठून पोते खांद्यावर घेतले आणि पाय पाण्यात टाकून काठाकडे चालू लागला. वहिनी डोळे पुसत मागून उतरली. भावाच्या जवळून जाताना केरोबा थांबला.

"बैलं सोडली सकाळी. त्यांना पाणी दाखवलं का कुनी?"

"मी बघितलं नाही, दादा," शिष्य म्हणाला आणि त्याला रडू आले, कारण त्याने खरोखरच बघितले नव्हते.

आज तेल जमिनीच्या पोटातून निघते आणि कंपनीच्या भागीदारांचा वाटा घरबसल्या येतो. भाव पडतो तेव्हा तो वाटा तेवढाच ठेवल्याचे मोठ्या अक्षरांत छापून येते, आणि किती माणसे कमी केली ते त्याच पानावर खाली, बारीक अक्षरांत. ज्याच्या घरी असा वाटा येतो त्याने आपले भांडे एकदा हातात घेऊन पाहावे, आणि मग खालची बारीक अक्षरे वाचावीत.